कच्च्या आखणीपासून पक्क्या मालापर्यंत : कारागिरांसाठी संगणकावरील रेखाटन

या पानावर आम्ही बहुधा बाजारभाव, कर्ज आणि करांविषयी लिहितो. आज मात्र एका खुर्चीपासून सुरुवात करावी लागत आहे. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारामागील एका कारखान्यात आमचे अधूनमधून जाणे होते. तेथील मिस्त्री मूळचे रायगडचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे साठ खुर्च्यांचे काम आले. खुर्च्या खिळा-स्क्रू न लावता, प्लायच्या फळ्या एकमेकींच्या खाचांत बसवून उभ्या राहणाऱ्या होत्या. नकाशा गिऱ्हाईकाच्या डिझायनरकडून तयार होऊन आला. खाच १८ मि.मी. रुंद, प्लायही १८ मि.मी.चा. सीएनसी राऊटरवाल्याने पहिल्या वीस खुर्च्या कापून दिल्या आणि जोडायला घेतल्या तर सगळ्या डुलू लागल्या.

"साहेब, अठराचा म्हणून प्लाय घेतला. व्हर्नियर लावला तर कुठे सतरा आणि एक, कुठे सतरा आणि तीन," चाचा म्हणाले. म्हणजे प्रत्येक खाचेत सुमारे पाऊण मि.मी. ढिलाई. एका खुर्चीला आठ खाचा, वीस खुर्च्यांच्या १६०. चाचांनी आणि त्यांच्या दोन कारागिरांनी प्रत्येक खाचेत विनियरची पट्टी चिकटवून त्या घट्ट केल्या. उरलेल्या चाळीस खुर्च्यांसाठी नकाशा दुरुस्त करायला दिला. नकाशा करणाऱ्याने एकेक खाच निवडून हाताने अरुंद केली, त्याचे वेगळे पैसे घेतले आणि पाठीच्या फळीतील एक खाच विसरला. चाळीस पाठी कापून झाल्यावर ही गोष्ट लक्षात आली.

येथे चूक कोणाची, यावर चर्चा करण्यात अर्थ नाही. प्लायच्या जाडीत थोडा फरक पडतो, हे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. चाचांना तर प्लाय हातात घेताच कळते. पण त्यांना जे ठाऊक होते, ते नकाशात कोठेच लिहिलेले नव्हते. नकाशात नुसत्या रेषा होत्या. 'ही खाच प्लायच्या जाडीइतकी असली पाहिजे' असा नियम नव्हता. तो नियम चित्रातच लिहिता येतो, ही सोय आज कोणत्याही साध्या संगणकावर फुकट उपलब्ध आहे, आणि ती आपल्या कारागिरांपर्यंत अद्याप पोहोचलेली नाही, म्हणून हा लेख.

संगणकावर चित्र काढण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात आपण रेषा ओढतो आणि संगणक ती कागदासारखी धरून ठेवतो. कोणती रेषा कोणाशी बांधलेली आहे, याची त्याला खबर नसते. दुसऱ्या प्रकारात आपण आधी हात सैल सोडून कच्चे रेखाटन करतो. रेषा वाकडी असली तरी चालते, माप चुकले तरी चालते. मग त्या रेखाटनाला एकामागून एक अटी घालतो. ही रेषा आडवी, ती उभी, या दोन सारख्या लांबीच्या, हे भोक बरोबर मध्यावर, ही बाजू ४५० मि.मी. इंग्रजीत यांना कन्स्ट्रेंट म्हणतात. आपण अट म्हणू. प्रत्येक अटीसरशी चित्र आपोआप सरकत सरकत नेटके होत जाते. पुढे एखादे माप बदलले तर बाकीचे चित्र सर्व अटी पाळून नव्याने मांडले जाते.

एक साधा चौकोन घेऊन हिशेब करून पाहू. चौकोनाला चार कोपरे. प्रत्येक कोपरा आडवा किती आणि उभा किती, असे दोन आकडे. म्हणजे एकूण आठ आकडे माहीत नाहीत. आता दोन रेषा आडव्या आणि दोन उभ्या, अशा चार अटी घातल्या. चार आकडे उरले. लांबी आणि रुंदी सांगितली, दोन उरले. एक कोपरा जागेवर खिळवला की उरलेले दोनही संपले. आठाला आठ. आता हा चौकोन हलवू म्हटले तरी हलत नाही. फ्रीकॅड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये या क्षणी सर्व रेषा हिरव्या होतात. काही बाकी असेल तर किती बाकी आहे, तो आकडाही ते दाखवते. आकडा समजला नाही तरी माऊसने रेषा ओढून पाहावी. जी हलते ती अजून सुटी आहे.

आता आपला कोणताही सुतार यापुढे काय करतो? तो तिरके माप घेतो. एक बाजू ६०० आणि दुसरी ८०० असेल तर कर्ण १००० भरला पाहिजे, म्हणजे चौकट गुण्यात आहे. हेच माप संगणकाला नववी अट म्हणून सांगून पाहा, ते तक्रार करील. काटकोन आधीच ठरलेला असल्यामुळे कर्ण किती हे त्यानेच ठरवले आहे. तुम्ही पुन्हा सांगण्याला जागा नाही. कर्ण १००० सांगितला तर 'ही अट फालतू आहे' म्हणेल, १००५ सांगितला तर 'या अटी एकमेकींशी भांडतात' म्हणेल. सुरुवातीला शिकणाऱ्याला हा फार त्रास वाटतो आणि बहुतेक जण येथेच कंटाळून सोडून देतात. आमच्या मते या साधनाची खरी किंमत याच तक्रारीत आहे. अशा भांडणाऱ्या अटी कागदी नकाशात गपचूप बसून राहतात आणि माल कापल्यावर बाहेर येतात.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने १९६३ साली आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधात 'स्केचपॅड' नावाची योजना मांडली. लिंकन प्रयोगशाळेच्या टीएक्स-२ या अवाढव्य संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने अंदाजे रेघ ओढायची आणि मग बटण दाबून 'या दोन समांतर कर', 'या सारख्या कर' असे सांगायचे. त्याच प्रबंधात पुलाच्या सांगाड्याचे चित्र काढून त्यातील कोणत्या दांड्यावर किती जोर येतो, तेही दाखवण्याचा प्रयोग आहे. पुढे १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर हे सॉफ्टवेअर कारखान्यांसाठी बाजारात आले आणि माप बदलले की संपूर्ण भाग बदलतो ही पद्धत रूढ झाली. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स आले. तेव्हापासून ही गोष्ट टेबलावरच्या साध्या संगणकावर होऊ लागली. मोटारींचे आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या गेली तीस वर्षे असेच काम करीत आहेत. लाकूड, प्लाय, पत्रा, चामडे यांत काम करणारा आपला छोटा कारखानदार तेवढा मागे राहिला.

याही आधीची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा अल्-बूझजानी (९४०-९९८) हे फार मोठे गणिती होऊन गेले. त्यांनी कारागिराला भूमितीतील कोणत्या रचना लागतात यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एका बैठकीची हकीकत दिली आहे. गणिती आणि कारागीर एकत्र बसले होते. प्रश्न असा की, सारखे तीन चौरस घेऊन त्यांचा एक मोठा चौरस कसा करावा? गणितींनी मोठ्या चौरसाची बाजू किती ती रेषा काढून दाखवली आणि काम झाले असे मानले. कारागीर काही खूश झाले नाहीत. त्यांना तुकडे हवे होते. कोठे कापायचे आणि कसे जोडायचे ते हवे होते. उलट कारागिरांनी ज्या रीती सांगितल्या, त्यांपैकी काही बरोबर निघाल्या आणि काही डोळ्याला अगदी बरोबर दिसूनही हिशेबात चुकीच्या निघाल्या. अबुल वफांनी दोघांच्याही उणिवा स्पष्ट लिहून कापण्याची स्वतःची रीत दिली. आज डिझायनर आणि मिस्त्री यांच्यात जी ओढाताण चालते, ती हजार वर्षांपूर्वी बगदादमध्येही होती, हे वाचून आम्हाला मौज वाटली.

आता पुन्हा चाचांच्या खुर्चीकडे वळू. त्यांचा पुतण्या आयटीआय झालेला आहे. आम्ही त्याच्यासोबत बसून खुर्चीची बाजूची फळी फ्रीकॅडमध्ये नव्याने आखली. आरंभी एका स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे वहीच्या पानासारख्या तक्त्यात, चार-पाच आकडे नावे देऊन लिहिले : प्लायची जाडी १७.२, फट ०.२, बैठकीची उंची ४५०, राऊटरच्या पात्याचा व्यास ६. मग फळीचे कच्चे रेखाटन केले आणि खाचेच्या रुंदीच्या जागी आकडा न लिहिता 'जाडी अधिक फट' असे लिहिले. आठही खाचांना तसेच लिहिले. उद्या १६.८ चा प्लाय आला तर तक्त्यातील एकच आकडा बदलायचा. खाच विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

०.२ हा आकडा कोठून आला? संगणकाने दिला नाही. चाचांनी टाकाऊ प्लायच्या एका पट्टीवर ०.१ पासून ०.५ पर्यंत फटीच्या पाच खाचा कापून घेतल्या, हाताने बसवून पाहिल्या आणि "ही लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत बसते, हीच ठेव" म्हणाले. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्लायवर हा आकडा वेगळा येईल. म्हणून पाच खाचांची ही पट्टी प्रत्येक नव्या लाटेआधी कापून घ्यावी. त्यात वीतभर प्लाय जातो.

पात्याचा व्यास कशासाठी लिहिला, तेही सांगतो. राऊटरचे पाते गोल फिरते. ६ मि.मी.चे पाते खाचेच्या आतल्या कोपऱ्यात ३ मि.मी. त्रिज्येची गोलाई सोडते. फळीची कड मात्र चौकोनी. ती कोपऱ्यात पूर्ण बसत नाही आणि खुर्ची एक-दोन मि.मी. उंच राहते. यावर उपाय म्हणजे कोपऱ्यात पात्याच्याच मापाचे छोटे भोक काढणे. हे भोकही पात्याच्या आकड्याशी बांधून टाकले. राऊटरवाल्याने ८ चे पाते लावले तर तक्त्यात ८ लिहायचे. पत्र्याच्या कामात अशीच गोष्ट वाकवण्याची असते. पत्रा वाकताना ओढला जातो, म्हणून सपाट तुकड्याचे माप बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा कमी धरावे लागते. प्रत्येक धंद्यात कारागिराच्या हाताला माहीत असलेले असे दहा-वीस नियम असतात.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि चिलखताच्या कड्या मापाने जोडण्याच्या आदेशाचा उल्लेख येतो, तो आपल्यापैकी अनेकांनी खुतब्यात ऐकला असेल. एक कडी सैल झाली तर चिलखत उघडे पडते आणि घट्ट झाली तर अंगावर चढत नाही.

येथवर ज्या अटी सांगितल्या त्या आकाराच्या. पण खुर्ची उभी राहील की उलथेल, हे आकारावरून सरळ कळत नाही. तेथे वजनाचा हिशेब येतो. तोही अवघड नाही. बसणाऱ्याचे ८० किलो वजन मागच्या पायाच्या टेकण्यापासून २० सें.मी. पुढे पडते असे धरू. ८० गुणिले २० म्हणजे १६००. तो जमिनीला पाय रेटून ८० सें.मी. उंचीवर पाठ मागे ढकलतो. १६०० भागिले ८०, म्हणजे २० किलोच्या रेट्याला खुर्ची उलथू लागेल. हाच मागचा पाय ६ सें.मी. मागे नेला तर ८० गुणिले २६ म्हणजे २०८०, आणि २६ किलोपर्यंत खुर्ची टिकेल. हिशेब ढोबळ आहे, खुर्चीचे स्वतःचे वजन सोडून दिले आहे. पण सहा सें.मी. काय करतात ते कळायला पुरेसा आहे.

मग सहा सें.मी. वाढवून टाकावे काय? येथे व्यापाऱ्याची अट आडवी येते. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मि.मी. बाजूची फळी ४०० रुंद असेल तर आडव्या मापात तीन बसतात. तिन्हींचे १२०० आणि मधल्या दोन कापांचे ६-६ धरून १२१२. तीच फळी ४६० झाली की दोनच बसतात. तिसरी गेली. आम्ही व पुतण्या पडद्याकडे पाहत डोके खाजवत होतो, तेव्हा चाचा म्हणाले, "अरे, एक सुलटी ठेव, एक उलटी ठेव. फळी खाली रुंद आणि वर अरुंद आहे ना?" तशी मांडणी केली आणि काम भागले. ही युक्ती फ्रीकॅडने आपणहून सुचवली नसती. तिने एवढेच केले की, उलटसुलट मांडून पाहायला तावाऐवजी पडदा वापरता आला आणि प्लाय वाया गेला नाही.

आकार आणि वजन या दोन्ही अटी एकाच वेळी सांभाळणारी साधनेही संशोधकांनी केली आहेत. जपानमधील ताकेओ इगाराशी हे या विषयातील मोठे नाव. त्यांनी सहकाऱ्यांसह १९९९ साली 'टेडी' नावाचे साधन दाखवले. पडद्यावर हाताने बाह्यरेषा काढली की ती फुगून खेळण्यासारखा भरीव आकार तयार होई. गंमत खूप, पण त्या आकाराला ना जाडी, ना जोड, ना वजन. २०११ साली त्यांच्याच गटाने 'स्केचचेअर' पुढे आणले. यात खुर्चीची बाजूने दिसणारी रेघ हाताने काढायची. साधन स्वतःच फळ्या आणि त्यांतील खाचा तयार करते, त्यावर माणसाची बाहुली बसवून खुर्ची पडते की राहते ते दाखवते आणि शेवटी यंत्राला कापायला देण्याजोगी आखणी काढून देते. २०१२ साली नोबुयुकी उमेतानी, इगाराशी आणि लंडनमधील नीलॉय मित्रा यांनी खिळ्यांनी जोडलेल्या फळ्यांच्या फर्निचरसाठी आणखी पुढचे पाऊल टाकले. फळी सरकवता सरकवताच साधन सांगते की आता हे उलथेल, आता हा जोड निघेल. आणि बिघडले तर कोणत्या बाजूला सरकवले असता पुन्हा ठीक होईल, तेही दाखवते.

हे वाचून कोणी लगेच पडद्यावर लिहायची लेखणी विकत घ्यायला निघू नये. ही संशोधनाची कामे आहेत. त्यांतील विचार घ्यावा. रोजच्या धंद्यासाठी अटींचे रेखाटन शिकणे पुरे आणि त्याला लेखणी लागत नाही, माऊस चालतो. हल्ली मोबाईलवर हाताचे चित्र दिले की संगणक सुंदर फोटो बनवून देतो. गिऱ्हाईकाला दाखवायला ते ठीक आहे. पण त्या फोटोवरून काम घेण्याची घाई करू नये. आम्ही पाहिलेल्या अशा एका चित्रात खुर्चीचा चौथा पाय बैठकीला जोडलेलाच नव्हता आणि गिऱ्हाईक मात्र "अगदी असेच हवे" म्हणून अडून बसले होते.

या साधनांना काय कळत नाही, तेही नीट समजून घ्यावे. लाकडाचा रेषा कोणत्या दिशेने आहे, पावसाळ्यात सागवान किती फुगेल, प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू किती धरेल, हे अटींच्या रेखाटनाला ठाऊक नसते. सगळ्या रेषा हिरव्या झाल्या याचा अर्थ आकार पक्का ठरला एवढाच. हिरव्या रेषांची खुर्चीसुद्धा मोडू शकते. एक नमुना करून त्यावर घरातील सर्वांत जड माणसाला बसवणे चुकत नाही.

आता सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? फ्रीकॅड पूर्णपणे मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही परवानगी आहे. त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. सॉल्व्हस्पेस हे त्याहून लहान. तेही मोफत आणि जुन्या संगणकावर चालणारे. मोठ्या कंपन्यांच्या काही सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्त्या मिळतात, पण त्यांची कलमे वाचावीत. काही ठिकाणी मोफत आवृत्ती फक्त घरगुती वापरासाठी असते. ऑनशेप या इंटरनेटवर चालणाऱ्या साधनाच्या मोफत खात्यात तर तुमची आकृती जगाला खुली राहते. महागड्या सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत पाचशे रुपयांत बसवून देणारेही गल्लोगल्ली आहेत. ते हलाल कमाईत बसते काय, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. कायद्यात मात्र बसत नाही, आणि मोफत वस्तू हाताशी असताना त्याची गरजही नाही.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा फाईलच्या मालकीचा आहे. अटी असलेली मूळ फाईल वेगळी आणि यंत्राला देण्याची डीएक्सएफ फाईल वेगळी. डीएक्सएफमध्ये नुसत्या रेषा जातात. जाडी, फट, पाते यांचे नियम तिच्यात जात नाहीत. तुमच्याकडे मूळ फाईल असेल तर राऊटरवाल्याला बेधडक डीएक्सएफ द्या. त्याला त्या एका लाटेपुरता आकार मिळतो, तुमचे नियम तुमच्याकडे राहतात. पण बहुतेक ठिकाणी आज उलटे चालले आहे. मिस्त्री शेजारी बसून तोंडाने सांगतो, "येथे दोन सूत सोड, येथे कोपरा मार", आणि ऑपरेटर तीस वर्षांचा तो अनुभव आपल्या फाईलमध्ये भरतो. मिस्त्रीच्या हाती शेवटी डीएक्सएफ किंवा कागदी प्रिंट येते. पुढच्या वेळी प्लाय बदलला की पुन्हा त्याच्याच दारात जायचे, पुन्हा पैसे द्यायचे; आणि तीच फाईल दुसऱ्या कारखान्याला विकली गेली तरी आपल्याला कळणार नाही.

म्हणून नकाशा बाहेरून करून घेणाऱ्यांनी काम देण्याआधीच बोलून घ्यावे की, अटींसह मूळ फाईल आम्हाला मिळेल आणि ती इतर कोणाला दिली जाणार नाही. तोंडी नको, चिठ्ठीवर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आलेली आहे. आपण उधारी लिहितो, पण कामाच्या अटी लिहायला संकोचतो. ओळखीचा मुलगा आहे, त्याला काय वाटेल, असा विचार करतो. भांडणे बहुतेक ओळखीच्या मुलांशीच होतात.

ज्यांची वस्तू दिसायला खरोखर नवीन आहे, त्यांच्यासाठी डिझाईन कायदा, २००० आहे. या कायद्याखाली वस्तूच्या बाह्य रूपाची नोंदणी होते. संरक्षण दहा वर्षांचे, पुढे पाच वर्षे वाढवता येते. केवळ यंत्र म्हणून काम करणाऱ्या भागाला, उदाहरणार्थ खाचेच्या युक्तीला, ही नोंदणी मिळत नाही. खुर्चीच्या आकाराला मिळू शकते. मात्र अर्जापूर्वी वस्तू बाजारात किंवा जाहिरातीत येऊन गेली असेल तर नवेपण संपते. पहिला नमुना झाला की आनंदाच्या भरात त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर पाठवण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती येथे नडते.

शिकायला किती दिवस लागतात, असे अनेक जण विचारतील. चाचांच्या पुतण्याला रोज इशानंतर तासभर बसून चौकोन, खाच आणि तक्ता जमायला तीन आठवडे लागले. चाचा स्वतः माऊसला हात लावीत नाहीत. पण आता ते पुतण्याच्या मागे स्टुलावर बसतात आणि तो विचारतो, "चाचा, ही फळी बैठकीच्या किती खाली?" सुरुवात करणाऱ्यांनी खुर्ची घेऊ नये, दुकानातील एखादे साधे स्टूल घ्यावे. त्याची बाजू मोजून आखावी, सर्व रेषा हिरव्या करून घ्याव्यात. मग तक्त्यात जाडी १८ ची १२ करून पाहावी. चित्र विस्कटले तर कोणत्या जागी विस्कटले ते पाहून तेथे राहिलेली अट घालावी आणि पुन्हा १८ करून पाहावे. न विस्कटता दोन्ही मापे पार पडली की पाच खाचांची पट्टी कापायला राऊटरवाल्याकडे जायला हरकत नाही.